हिमालयन ४११ रोजच्या वापराला कशी आहे

“४११ सीसी आणि फक्त २४ बीएचपी?” हिमालयनचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. आकडा खरा आहे. रॉयल एनफिल्डने २०१६ मध्ये ही गाडी आणली तेव्हा ताकद होती ६५०० आरपीएमला २४.५ बीएचपी, आणि बीएस-६, म्हणजे २०२० चे प्रदूषणाचे निकष आल्यावर ती २४.३ वर आली. याच्या निम्म्या सीसीच्या गाड्याही जवळपास एवढी ताकद देतात. तरी रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने बघायचा आकडा हा नाहीच. त्याने बघायचा आकडा म्हणजे ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, आणि तो ४००० ते ४५०० आरपीएमलाच हातात येतो. शहरात इंजिन जिथे फिरत असतं तिथेच त्याची ताकद आहे.

याचं कारण इंजिनच्या मापात आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७८ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी. पिस्टनचा प्रवास लांब, कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवा किती दाबली जाते ते) ९.५ला १, म्हणजे बेताचंच. असं इंजिन वरच्या आरपीएमला धापा टाकतं, पण खालून ओढतं छान. सिग्नल सुटल्यावर पहिला गिअर, लगेच दुसरा, आणि मग तिसऱ्यात गाडी रांगत्या ट्रॅफिकपासून मोकळ्या रस्त्यापर्यंत एका दमात जाते. स्पीडब्रेकरला दर वेळी गिअर उतरवावा लागत नाही. थ्रॉटल थोडा दिला की गाडी न कुरकुरता उचलते. दिवसातून पन्नास वेळा क्लच दाबणाऱ्याला हा फरक डाव्या मनगटात कळतो.

हीच सवय उलट बाजूने त्रास देते. पाचव्या गिअरमध्ये ९० वर असताना पुढच्या ट्रकला झटकन ओलांडायचं म्हटलं तर गाडीकडे शिल्लक फारशी नाही. चौथा टाका, रस्ता लांबवर मोकळा दिसू द्या, मगच बाहेर या. इंजिनची थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे म्हणून ८०-९० ला इंजिन निवांत असतं. शंभरच्या पुढे फुटरेस्ट आणि हँडलमध्ये थरथर जाणवायला लागते. रोज हायवेवर ११०-१२० धरून जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची, लिक्विड कूल्ड, सहा गिअरची नवी हिमालयन आहे, आणि ती ताकदीत वेगळ्याच वर्गातली आहे. ४११ आता जुन्या बाजारातच मिळते. म्हणून पुढचं सगळं वापरलेली गाडी घेऊन ती रोज चालवणाऱ्याच्या नजरेने लिहिलं आहे.

या गाडीची खरी किंमत मोजावी लागते ती वजनात. बीएस-६ मॉडेल पेट्रोल-ऑईलसह १९९ किलो भरतं. चालती झाली की हे वजन विरून जातं, कारण ते खाली बसवलेलं आहे, हँडल रुंद आहे आणि सीट ८०० मिमीवर आहे. मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय बऱ्यापैकी टेकतात, आणि २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्सच्या गाडीत हे सहसा मिळत नाही. वजन अंगावर येतं ते पार्किंगमध्ये. उतारावर नाक भिंतीकडे करून गाडी लावली, की परत निघताना दोनशे किलो मागे चढावर ओढायचे असतात आणि रिव्हर्स गिअर नसतो. म्हणून थांबण्याआधी निघायचं कसं हे ठरवावं. तोंड चढाकडे किंवा बाहेरच्या बाजूला ठेवायचं आणि पहिल्या गिअरमध्ये टाकून साइड स्टँड लावायचा. चढाला तोंड असलं तर न्यूट्रलमध्ये गाडी स्टँडवरून मागे घरंगळते, गिअरमध्ये नाही.

मेन स्टँडला लावताना बरेच जण गाडी हातांनी उचलायला जातात आणि कंबर धरून बसतात. उचलायची नसतेच. डाव्या बाजूला उभं राहून डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कॅरिअरवर. उजव्या पायाने स्टँडचा दांडा दाबा आणि गाडी किंचित हलवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचं अंदाजाने ओळखा. दोन्ही लागले की अंगाचं सगळं वजन त्या पायावर टाकून जवळजवळ उभे राहा. उजवा हात फक्त दिशा दाखवतो. एकच पाय टेकलेला असताना जोर दिला की गाडी पलीकडे जाते. हे एकदा जमलं की चेनला ऑईल लावणं, चाक काढणं, ऑईलची पातळी बघणं या गोष्टी घरच्या घरी होतात. मेन स्टँड कंपनीतूनच येतो ही या गाडीची फार मोठी सोय आहे. वजन वाचवायला तो काढून टाकणाऱ्यांचं मला पटत नाही.

सस्पेन्शनवर मात्र कुणाचंही दुमत होऊ नये. पुढे ४१ मिमीचे फोर्क (पुढचे शॉक) आणि २०० मिमीचा प्रवास, मागे लिंकेज (चाक आणि शॉक जोडणारे दुवे) असलेला एकच शॉक, म्हणजे मोनोशॉक, आणि १८० मिमी. पुढचं चाक २१ इंची. मोठ्या चाकाला खड्ड्याची कड लहान लागते, ते तिच्यावर कमी उभ्या कोनात चढतं आणि धक्का हातापर्यंत पोहोचायच्या आत फोर्क तो गिळतो. उखडलेला डांबरी पट्टा, खोदून अर्धवट बुजवलेला चर, पावसात दगड वर आलेला रस्ता यांच्यावर ही गाडी वेग न तोडता जाते. बाजूने महागड्या गाड्या ब्रेक मारत असतात. रोजच्या वापरासाठी कमी ताकदीची ॲडव्हेंचर गाडी का घ्यावी, याचं उत्तर इथे आहे. डोंगर चढायला जाणं वर्षातून दोनदा होतं, खड्डे रोज असतात.

याची भरपाई वळताना करावी लागते. २१ इंची चाक वळायला सावकाश, आणि ब्रेक दाबला की लांब प्रवासाचे फोर्क खाली बसून गाडी नाक खुपसते. पुढचा ३०० मिमीचा डिस्क आकाराने पुरेसा आहे, पण लिव्हर दाबल्यावर पहिला चावा, म्हणजे सुरुवातीची पकड, मऊ लागतो, विशेषतः बीएस-६ च्या आधीच्या गाड्यांत. दुसऱ्या गाडीवरून येणाऱ्याने पहिले काही दिवस अंतर जास्त ठेवावं, दोन बोटांऐवजी तीन बोटांनी दाबावं, आणि मागचा ब्रेक खरोखर वापरायला शिकावं. ही लांब व्हीलबेसची गाडी मागच्या ब्रेकला चांगली दाद देते. चावा वाढवायचा असेल तर सिंटर्ड पॅड हा सगळ्यात सोपा उपाय आहे. ब्रेक ऑईल डॉट ४ आहे आणि ते दर दोन वर्षांनी बदलावं. ते हवेतलं पाणी शोषतं, मग लांब उतारावर उकळतं आणि लिव्हर स्पंजासारखी होते.

आता देखभाल. या इंजिनचं मोठेपण असं की एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, वर एक कॅम, आणि टॅपेट स्क्रू-लॉकनटचे. फट जुळवायला शिम, म्हणजे चकत्या, बदलायची भानगड नाही. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी), पाना आणि थोडा धीर असला की काम होतं. तरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच, कारण टॅपेटच्या आवाजाबद्दल एक समज उलटा बसला आहे. टॅपेट वाजतो म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जास्त झाली आहे. आवाज त्रास देतो, पण इंजिन लगेच बिघडत नाही. इंजिन अचानक गोड, शांत वाटायला लागलं, गरम झाल्यावर आयडलला (थ्रॉटल न देता) बंद पडायला लागलं, सकाळी स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागला, तर समजा की फट कमी झाली आहे. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. तो नीट बसला नाही तर त्याची कड जळते, आणि मग हेड उघडावं लागतं. फट नेहमी थंड इंजिनला मोजायची, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीला. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणायचा, त्या वेळी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात. ते हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या टोकाला आहे, इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवा. लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा गेज घालून बघायचंच. गेज घासत पण न अडकता सरकलं पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तसं. किती मिमी हे आपल्या सालच्या मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्याच्या गाडीचं माप लावू नका.

सर्व्हिस सेंटरवर गरम गाडी नेऊन दोन तासांत परत मागितली, तर टॅपेट नीट तपासले गेलेले नसतात. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा आणि “सकाळी थंड असताना टॅपेट बघा” असं जॉब कार्डवर लिहून घ्या.

ऑईल १५डब्ल्यू५०, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑईलचं मानक) लिहिलेलं हवं. क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारचं घर्षण कमी करणारं ऑईल घातलं तर क्लच घसरतो. पातळी बघायला इंजिनच्या उजव्या बाजूला काच आहे. गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर, आणि इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर बघायचं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, काच रिकामी दिसते, माणूस घाबरून ऑईल ओततो, आणि मग जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून (इंजिनचा दाब सोडणारी नळी) एअरबॉक्समध्ये जाऊन फिल्टर चिकट होतो. एअर-ऑईल कूल्ड इंजिन ट्रॅफिकमध्ये जास्त तापतं. म्हणून शहरातल्या गाडीला मी ५००० किमीला नवं ऑईल आणि नवा फिल्टर हाच हिशोब धरतो. पुढच्या ऑईल कूलरच्या पात्यांत चिखल वाळला तर हवाच जात नाही. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू नका, पाती वाकतात. बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

हँडलची बेअरिंग, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कोनसेट, ही या गाडीची जुनी दुखरी जागा आहे. तपासायला गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक हवेत जाईल. आता हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. बरोबर मध्यभागी, चाक सरळ असताना, हलकासा खटका लागून हँडल तिथेच थांबू बघत असेल, तर बेअरिंगच्या वाटीत गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. रस्त्यावर हे गाडी सरळ रेषेत तरंगल्यासारखी, हट्टी वाटण्यातून कळतं, आणि बरेच जण टायरला दोष देत बसतात. मग फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा. टक टक जाणवलं तर बेअरिंग ढिली आहे. ढिली असेल तर आवळता येते. खटका पडला असेल तर आवळून काही होत नाही, उलट तो वाढतो. बदलायचीच झाली तर टेपर रोलर बेअरिंग बसवा आणि ग्रीस हात राखून लावू नका. गोळ्यांची बेअरिंग बिंदूवर भार घेते, रोलर रेषेवर घेतो, म्हणून तो टिकतो.

मागच्या लिंकेजकडे कुणी बघतच नाही, कारण ते दिसत नाही. चाकातून उडणारं पाणी आणि माती थेट त्यावर जाते. ग्रीस धुऊन गेलं की बेअरिंग गंजते, सस्पेन्शन कडक वाटतं, आणि लोक शॉक बदलायला धावतात. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, लिंकेज आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणारा दांडा) बोल्ट काढून साफ करून ग्रीस भरून घ्या. एका दुपारचं काम आहे.

चेन दर ५०० किमीला, पावसात त्याहून लवकर. रॉकेल आणि मऊ ब्रशने पुसून, कोरडी करून, आतल्या बाजूने ऑईल, म्हणजे चेन फिरताना ते बाहेर फेकलं जाऊन लिंकमध्येच शिरतं. ढील तपासताना या गाडीत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मागचं चाक १८० मिमी वर-खाली होतं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. छोट्या कम्युटरच्या सवयीने घट्ट केलेली चेन डबल सीट बसून खड्ड्यात गेल्यावर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर ओढ देते. थोडी ढिली चालेल, घट्ट चालणार नाही. चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सगळ्यात ताठ जागेवर माप धरा.

टायर ट्यूबचे आहेत, चाकं स्पोकची. मजबूत आहेत, पण पंक्चर झालं की चाक काढावंच लागतं. रस्त्याकडेचा दुकानदार मागचं चाक काढेल, पण एबीएसचा (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर आणि त्याची वायर सांभाळेलच असं नाही, ते स्वतः उभं राहून बघा. दोन्ही ॲक्सलच्या मापाचे पाने, दोन टायर लिव्हर, एक २१ इंची ट्यूब आणि छोटा पंप एवढं गाडीवर कायम असावं. अडचण आलीच तर २१ इंची ट्यूब मागच्या १७ इंची टायरमध्ये दुमडून गावापर्यंत जाता येतं, उलट करता येत नाही. पाने घरी आधी लावून बघा आणि नट एकदा सैल करून परत आवळा. कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये एअर गनने आवळलेला नट रस्त्यावर छोट्या पान्याला दाद देत नाही. एकट्याला हवा पुढे २५ आणि मागे ३२ पीएसआय. नरम वाटतं म्हणून पुढे ३० भरणाऱ्यांची ओल्या रस्त्यावरची पकड जाते. स्पोकवर महिन्यातून एकदा पान्याने हलकं टिचकून बघा. ताणलेला स्पोक टण् वाजतो, ढिला झालेला थप्प.

ॲव्हरेज लिटरला ३० किमीच्या आसपास धरा. ९० च्या पुढे सतत ताणलं की ते घसरतं, कारण उभी बसायची पद्धत आणि रुंद हँडल मिळून वारा अडवतात. टाकी १५ लिटरची, म्हणजे एकदा भरली की ४०० किमीचा हिशोब लागतो, आणि रोज ३० किमी जाणाऱ्याला पंपावर दोन आठवड्यांतून एकदाच जावं लागतं.

हेडलाइट ६०/५५ वॅटचा हॅलोजन आहे, एच४ बल्ब. तो फ्रेमला बसवलेला असल्याने हँडलसोबत वळत नाही. अरुंद वळणावर उजेड सरळ जातो, गाडी वळते. या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकू नका. उजेडाचा बिंदू हॅलोजनच्या तारेच्या जागी येत नाही, समोरच्याच्या डोळ्यात झगमग जाते आणि तुमच्या रस्त्यावर डाग पडतात. त्यापेक्षा दोन छोटे वेगळे लाइट घ्या. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावून वायर ओढा. मूळ वायरिंग कापू देऊ नका. एबीएस आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कापलेल्या एका वायरचा दोष शोधण्यात दोन दिवस जातात. मीटरमध्ये दिसणाऱ्या बाहेरच्या हवेच्या तापमानावर फार विसंबू नका, ट्रॅफिकमध्ये इंजिनची ऊब लागून ते चढतं.

कोणत्या सालची घ्यावी? २०१६ची कार्बोरेटरची गाडी साधी आहे, पण एबीएस नाही, म्हणून रोजच्या वापराला मी ती सुचवणार नाही. २०१७ मध्ये इंजेक्शन आलं, २०१८ मध्ये दोन्ही चाकांना एबीएस, आणि २०२० च्या बीएस-६ मध्ये मागचा एबीएस बंद करायचं बटण. चाबी बंद करून परत लावली की तो आपोआप चालू होतो, ते योग्यच आहे. २०२१ मध्ये टाकीच्या बाजूच्या लोखंडी फ्रेम आखूड केल्या. उंच माणसाचे गुडघे जुन्या फ्रेमवर आपटतात, त्याने ही किंवा त्यानंतरचीच बघावी. मागचं कॅरिअरही तेव्हाच खाली आणलं, त्यामुळे पाय पलीकडे टाकणं सोपं झालं.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर थंड इंजिनच्या स्टार्टिंगचा दोष लपवलेला असू शकतो, दुसऱ्या दिवशी या. चाबी लावल्यावर टाकीतल्या पेट्रोल पंपाची दोन सेकंद घूं ऐकू आली पाहिजे. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, ऑईल लागलं तर सील गेलं. मेन स्टँडवर मागचं चाक धरून हळूच वर उचला. शॉक दबायच्या आधी टक् असा मोकळा खेळ जाणवला तर लिंकेजच्या बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. टॉर्च लावून हँडलच्या खाली फ्रेमचे वेल्डिंग आणि कॅरिअरचे जोड बघा, रंगात केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर तिथे चीर असते. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदलावी लागतील, एकटी चेन टाकून भागत नाही. शेवटी गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये टाकून हळू सोडा, खांदे सैल ठेवा आणि हँडल हलकं धरा. ती सरळ गेली पाहिजे, एका बाजूला ओढ घेतली तर पडलेल्या गाडीचे फोर्क किंवा फ्रेम तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.